पृथ्वी ओली ठेवावी

माझी पहिली नोकरी वाशीमच्या एका जिनात होती. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. तिथे मी टेलिफोन ऑपरेटर होते, तीन महिन्यांच्या बोलीवर. मला ही नोकरी कशी मिळाली याचं सगळ्यांना नवल वाटे, कारण मी बोलत नसे.

अगदीच बोलत नसे असं नाही. वडील रेल्वेत होते, त्यांनी हट्टाने मला मिशनच्या इंग्रजी शाळेत घातलं होतं. घरी वऱ्हाडी, शाळेत इंग्रजी, आणि पुस्तकातली मराठी मी फार उशिरा, डिक्शनरी मांडीवर घेऊन शिकले. ऑफिसात वऱ्हाडी बोलू नये असं मला कोणीतरी सांगितलं होतं. त्यामुळे काही सांगायचं तर मी ते आधी इंग्रजीत जुळवायची, मग डिक्शनरीच्या मराठीत आणायची, आणि तेवढ्यात समोरचा माणूस पाणी पिऊन, पान लावून, दुसऱ्या खोलीत गेलेला असायचा.

पण ते काम मला मनापासून आवडत होतं. व्हरांड्याच्या टोकाला लाकडी फळ्या ठोकून केलेली एक खोली, तीत बोर्ड, आणि बोर्डामागे मी. बोर्ड म्हणजे शिसवीची एक पेटी. तिच्यावर पितळेच्या छोट्या झडपा. कोणी फोन उचलून हँडल फिरवलं की त्याची झडप टिक करून पडायची. मी दोरी लावून विचारायची, कोण पाहिजे. मग ज्याला फोन हवा त्याची घंटी वाजवायला माझ्या बाजूचं हँडल गरगर फिरवायची. जोडून दिलं की माझं काम संपलं. मला लोकांशी बोलायची भीती वाटे, पण त्यांना एकमेकांशी बोलायला लावण्यात गंमत वाटे. अशी दुसरी नोकरी मला मिळाली नसती, हे मला तेव्हाही कळत होतं.

जिनात फोन होते चार. एक साहेबांचा. एक बडे बाबूंचा. बडे बाबू म्हणजे हेडक्लार्क, माणूस शिस्तीचा. मी रुजू झाले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ते घरून पाण्याचा तांब्या आणू लागले होते. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. तिसरा फोन काट्यावर, जिथे कापसाच्या बैलगाड्यांचं वजन व्हायचं. काटेवाला दिवसभर एकटा उन्हात असायचा आणि त्याला बोलायची इतकी हौस होती की रिकाम्या वेळी तो आपली झडप पाडून मला नुसतं विचारायचा, "बाई, सगळं बरोबर हाय ना?" चौथा फोन गेटवरच्या चौकीत. चौकीदार रात्रपाळी करून दिवसा झोपायचा, म्हणून तो फोन त्याची बायको उचलायची. ती "हॅलो" म्हणत नसे. ती म्हणायची, "कोन हाय?" आणि उत्तर पटलं नाही तर ठेवून द्यायची.

चार फोनांना बोर्ड कशाला, असा प्रश्न अकोल्याच्या मुख्य ऑफिसला पडला. तसं पत्र आलं. साहेबांनी ते मला मोठ्याने वाचून दाखवलं, कारण ते इंग्रजीत होतं आणि इंग्रजी मोठ्याने वाचायची संधी त्यांना क्वचित मिळे. शनिवारी दुपारी चारला मोठे साहेब स्वतः अकोल्याहून ट्रंक कॉल करणार. चारही जागी बोलून बघणार. बोर्ड उपयोगाचा वाटला तर तो राहील आणि ऑपरेटरला कायम करतील. नाही वाटला तर बोर्ड दुसऱ्या जिनात.

"अन् ऑपरेटर?" बडे बाबूंनी विचारलं.

"ऑपरेटर घरी," साहेब म्हणाले, आणि मी तिथेच उभी आहे हे आठवून त्यांनी पत्राची घडी घातली.

त्याच आठवड्यात मंगळवारी जिनामागचा ट्रान्सफॉर्मर मोठा आवाज करून जळाला. वैशाखाचे दिवस. लाइन गेली. आमच्याकडे विजेला लाइनच म्हणतात. पंखे थांबले, विहिरीवरचा पंप थांबला, कापसाच्या गाठी बांधायची प्रेस थांबली. बोर्ड मात्र बॅटरीवर चालायचा, त्यामुळे माझं काम चालू होतं. शनिवारी सकाळी साडेनवाला लाइन आली ती नको तेवढ्या जोरात आली. व्हरांड्यातले दोन बल्ब फुटले आणि पंपाच्या मोटरीतून धूर निघाला. सगळे म्हणाले, लाइन गेलेलीच बरी होती.

दहा वाजता साहेबांची झडप पडली. "बडे बाबूंना द्या."

मी हँडल फिरवलं. बडे बाबूंची घंटी वाजली. काट्यावरची वाजली. दूर गेटवरचीही वाजली. आणि साहेबांनी फोन खाली ठेवला होता, तर त्यांचीही वाजली. चौघांनीही उचलले.

"बडे बाबू, केनवडची फाईल कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

"मले नाई मालूम," गेटवरून चौकीदाराची बायको म्हणाली.

"कोण बोलतंय?"

"तुमी कोन हाय, थे सांगा आधी."

"मी काट्यावरून बोलतो, साहेब," काटेवाला आनंदाने म्हणाला. "फाईल बडे बाबूच्या खुर्चीवर असन. थे तिच्यावर बसतात. उशी करून."

बडे बाबूंची खुर्ची सरकल्याचा आवाज चारही फोनांत ऐकू आला.

मी पुन्हा प्रयत्न केला. एकाची घंटी वाजवली की चारी वाजत, आणि एकाचं बोलणं सगळ्यांना ऐकू जाई. कोणाचीही झडप पडली तरी तेच. मी बाहेर आले आणि साहेबांच्या दारात उभी राहिले. वाक्य तयार होतं, पण ते इंग्रजीत होतं.

"समजलं," साहेब म्हणाले. "चार वाजता काय सांगणार आहात अकोल्याला? जा, लाइनमनला बोलवा कोणीतरी."

चपराशी सायकल घेऊन गेला. म्हातारा माणूस, हुकूम ऐकला की हुकमाच्या पलीकडे विचार न करणारा. अर्ध्या तासाने तो लाइनमनला घेऊन आला. लाइनमनच्या खांद्यावर दोराचा वेढा, कमरेला पक्कड, पायात जाड बूट. तो माझ्या खोलीत शिरला, बोर्डाकडे बघितलं आणि दोन पावलं मागे आला.

"हे माही लाइन नव्हे," तो म्हणाला.

तो विजेचा लाइनमन होता. चपराशाने लाइनमन आणायला सांगितलं तर लाइनमन आणला होता, यात त्याची काही चूक नव्हती.

"टेलिफोनचा लाइनमन पाहिजे होता," बडे बाबू म्हणाले.

"थो रिसोडले गेला," लाइनमन म्हणाला. "सासऱ्याच्या घरी. सोमवारच्या यष्टीनं येईन. तवर मी पाह्यतो, पन हात लावनार नाई. त्याच्या लाइनीत मी शिरलो तं उद्या थो माह्या खांबावर चढीन."

हे सगळ्यांना रास्त वाटलं. त्याला खुर्ची दिली. तो बसून बघू लागला. जिनात त्या दिवशी प्रेस बंद होती, त्यामुळे बघणारे हळूहळू वाढले. माझ्या खोलीत तीन माणसं मावत, तिथे सात झाली. मी भिंतीला टेकून इतकी बारीक उभी होते की एकाने माझ्या खांद्याला खुंटी समजून टोपी अडकवायचा प्रयत्न केला.

चपराशाचं म्हणणं असं, की सकाळी लाइन जास्त आली, त्यातली थोडी फोनमध्ये शिरून बसली आहे. "बाहेर निंघाले तिले जागा नाई भेटून राह्यली. फोन उघडे ठेवा, दोन दिवसांत निंघून जाईन."

"दोन दिवस कुठले? चार वाजता कॉल आहे," साहेब म्हणाले.

बडे बाबूंनी एक योजना लिहून काढली. एक घंटी म्हणजे साहेब, दोन घंट्या बडे बाबू, तीन काटा, चार गेट. आपली नसेल त्याने फोन उचलायचा नाही. योजना चांगली होती. ती चारही जागी कळवण्यासाठी मी हँडल फिरवलं, चौघांनी उचलले, आणि बडे बाबूंनी ती दोनदा वाचून दाखवली.

"मंजे तीन घंट्या वाजल्या का मी," काटेवाला म्हणाला.

"हो."

"अन् मले तिसरी घंटी ऐकू याच्या आधी पहिल्या दोन वाजतीन ना? तवा पहिलीले साहेब उचलतीन. मंग तिसरी कोन वाजवीन?"

बडे बाबूंनी कागदाकडे बघितलं.

"मले चारपरेंत मोजता येत नाई," गेटवरून चौकीदाराची बायको म्हणाली. "वाजला का उचलते मी. बंद करा थे वाजनं, हा मानूस झोपला हाय."

बारा वाजले. साहेब फाटकापर्यंत जाऊन आले, पुन्हा गेले, पुन्हा आले. मला त्यांच्यापेक्षा जास्त घाम आला होता, पण माझ्या घामाकडे कोणी बघत नव्हतं. मी मनात सोमवारचा विचार करत होते. सोमवारी घरी बसल्यावर आई काही बोलणार नाही, तांदूळ निवडायला देईल, आणि मावशी त्याच आठवड्यात येईल. मावशीकडे नेहमी एक मुलगा असे. तिचा नव्हे, कुणाचा तरी, लग्नाचा.

मग मी एक गोष्ट केली जी मी आधीच करायला हवी होती. बोर्डाचं झाकण वर उचललं. झाकणाच्या आतल्या बाजूला एक पिवळा पडलेला कागद चिकटवलेला होता, बारीक इंग्रजीत छापलेला. रुजू झाले तेव्हा मी तो वाचला होता, पण जसं आपण शाळेच्या पुस्तकाची प्रस्तावना वाचतो तसा. आता खाली शेवटच्या ओळींपर्यंत गेले. तिथे लिहिलं होतं की सगळ्या घंट्यांची परतीची वाट एकच आहे, जमिनीतून जाणारी. ती तुटली तर एक घंटी वाजवताच बाकीच्याही वाजतील आणि बोलणी एकमेकांत मिसळतील. आणि शेवटी, जाड अक्षरात, एक सूचना.

सगळे माझ्याकडे बघत होते. सात माणसं आणि दारात चौकीदाराचा कुत्रा.

"काय लिहिलंय?" साहेबांनी विचारलं. त्यांचा चष्मा टेबलावर राहिला होता.

मी मनात भाषांतर केलं. डिक्शनरीतला शब्द समोर आला आणि मी तो मोठ्याने म्हटला. तीन महिन्यांत ऑफिसात मी एवढ्या मोठ्याने पहिल्यांदाच बोलत होते.

"पृथ्वी ओली ठेवावी," मी म्हणाले.



"कोनती?" चपराशाने विचारलं.

"पूर्ण?" बडे बाबूंनी विचारलं.

"बाप्पा, वैशाखात?" मागून कोणीतरी म्हणालं. "इथे प्याले पानी नाई, अन् हे बाई पृथ्वी ओली करून राह्यली."

हसणं सुरू झालं ते व्हरांड्यापर्यंत गेलं. माझे कान गरम झाले. मला वाटलं झाकण लावून घ्यावं आणि शक्य असेल तर आपणही पेटीत जावं. पण खुर्चीवर बसलेला लाइनमन हसत नव्हता. तो उठला.

"अर्थिंग म्हनते थे," तो म्हणाला. "जमिनीत पाइप गाडेल असते. त्याच्याभवती ओलं पायजे. काळी माती सुकली का भेगा पडते, पाइप मोकळा होते, मंग काईच कामाचा नाई." त्याने कमरेची पक्कड काढली. "अर्थिंग आमची लाइन हाय. आता लावतो हात."

बोर्डामागून एक उघडी तांब्याची तार भिंतीतून बाहेर गेली होती. लाइनमन पुढे, त्याच्या मागे साहेब, मग बडे बाबू, मग चपराशी, आणि शेवटी मी, अशी आमची रांग त्या तारेच्या मागे मागे निघाली. तार भिंतीच्या कडेने, बाभळीखालून, गेटच्या चौकीमागे गेली आणि एका वाफ्यात शिरली. वाफ्यात वाळलेल्या काड्या उभ्या होत्या.

"माह्या सांबारात काय शोधून राह्यले?" चौकीदाराची बायको दारात येऊन म्हणाली. सांबार म्हणजे कोथिंबीर.

"इथे पानी कोन टाकते?" लाइनमनने विचारलं.

"मी टाकते, अजून कोन टाकीन? रोज दोन बकेटा. मंगळवारपासून पंप बंद हाय. विहिरीतून शेंदून मी मानसाले पाजू का सांबाराले पाजू?"

लाइनमनने बुटाच्या टोकाने माती उकरली. एवढी मोठी भेग होती की त्यात त्याची पक्कड उभी गेली. आत पाइप दिसत होता, मातीपासून बोटभर अंतर राखून.

म्हणजे बोर्ड इतकी वर्षं कोथिंबिरीवर चालला होता. हे कोणालाच माहीत नव्हतं. कागदावर लिहिलेलं कोणी वाचलं नव्हतं आणि जी रोज पाणी घालत होती तिला कागदाशी काही देणंघेणं नव्हतं. साहेब काही क्षण त्या वाफ्याकडे आदराने बघत उभे राहिले.

विहीर जिनाच्या दुसऱ्या टोकाला होती आणि वैशाखात तिचं पाणी फार खाली गेलेलं. चपराशाने पहिली बादली आणून ओतली. भेगेने ती घटाघट पिऊन टाकली. दुसरी ओतली. लाइनमनने माती पायाने दाबली. मी धावत खोलीत गेले, काट्याची घंटी वाजवली. फक्त काट्याची वाजली.

"बाई, सगळं बरोबर हाय ना?" काटेवाल्याने विचारलं. त्याच्या आवाजात थोडी निराशा होती.

दहा मिनिटं सगळं बरोबर होतं. मग गेटची घंटीही बारीक किणकिणू लागली. माती पुन्हा सुकली होती. लाइनमनने हिशोब सांगितला: चार वाजेपर्यंत थांबा, मग ओतत राहा, कॉल संपेपर्यंत. दोन बादल्या भरून ठेवल्या. लाइनमन जायला निघाला होता, पण आता त्यालाही शेवट बघायचा होता.

चार वाजले. चपराशाने ओतायला सुरुवात केली. बोर्ड शांत होता. सव्वाचार झाले. बाहेरच्या एक्स्चेंजचा आवाज नाही. ट्रंक कॉल चारला म्हणजे चारला येत नसे, हे सगळ्यांना माहीत होतं, पण घाबरलेल्या माणसाला माहीत असलेलं आठवत नाही. दोन्ही बादल्या संपल्या. विहिरीवर जाऊन, शेंदून यायला पाऊण तास लागे. साहेबांनी व्हरांड्यातला माठ उचलायला लावला. तोही गेला. मग सगळ्यांची नजर बडे बाबूंच्या टेबलावरच्या तांब्यावर गेली.

"हा माझा आहे," बडे बाबू म्हणाले.

"बाबूजी, पृथ्वीले द्या," चपराशी म्हणाला.

बडे बाबूंनी तांब्या स्वतः नेला. दुसऱ्या कोणाच्या हातात दिला नाही. खाली वाकून त्यांनी तो सावकाश ओतला आणि रिकामा तांब्या परत आणून टेबलावर होता तिथेच ठेवला, झाकणासह.

साडेचारला साहेबांचा चहा आला. चपराशी कपबशी घेऊन दारातच थांबला.

"चहा चालते काय?" त्याने लाइनमनला विचारलं.

"ओलं पायजे. गोड असलं तं काय बिघडते."

साहेबांनी मान फिरवली. चहाही गेला. त्यानंतर तिथे मुंग्या आल्या, पण ओल काही टिकली नाही.

पाच वाजायला दहा मिनिटं असताना बाहेरच्या लाइनची झडप पडली. "अकोला ट्रंक," एक्स्चेंजची बाई म्हणाली. मी खिडकीतून चपराशाकडे बघितलं. त्याने उलटी बादली दाखवली.

करण्यासारखं काही नव्हतं. मी साहेबांच्या नावाने हँडल फिरवलं, आणि चारही घंट्या जिनभर खणखणल्या. चौघांनी उचलले. मी डोळे मिटून ऐकत राहिले.

"हॅलो," मोठे साहेब म्हणाले.

"गुड इव्हनिंग, सर," साहेब.

"नमस्कार, साहेब," बडे बाबू.

"काटा बोलतो."

"कोन हाय?"

अकोल्याहून थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला.

"तुम्ही सगळे एकाच खोलीत बसला आहात का?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"नाई साहेब, मी काट्यावरच हाओ," काटेवाला म्हणाला. "खोटं वाटत असन तं गाडीवाल्याले इचारा. हे घे रे, बोल."

"व्हय," एक अनोळखी आवाज म्हणाला. मागे बैलाच्या घुंगरांचा आवाज आला.

"गाड्या आहेत का अजून काट्यावर?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"एकही नाही, सर," आमचे साहेब म्हणाले.

"सात," काटेवाला त्याच क्षणी म्हणाला.

"सकाळपासून उभ्या हायेत," गेटवरून आलं. "बैलं माहा उरला सुरला सांबार खाऊन राह्यले."

पुन्हा वारा. मग अकोल्याहून एक आवाज आला जो मला आधी खोकला वाटला. मोठे साहेब हसत होते.

"प्रेस चालू आहे?"

"हो, सर," साहेब.

"बंद आहे," बडे बाबू म्हणाले. सवयीने खरं बोलले होते.

"पंधरा वर्षं," मोठे साहेब म्हणाले, "मी एकाला विचारतो, तो एक सांगतो. दुसऱ्याला विचारतो, त्याला पहिल्याने सांगून ठेवलेलं असतं. सगळे एकदम लाइनवर, ही सोय आमच्या इथल्या मोठ्या बोर्डावरसुद्धा नाही. ही कोणी केली?"



"ऑपरेटरबाईनं," काटेवाला म्हणाला. त्याच्या मनात माझं भलं होतं.

"आहेत का त्या लाइनवर?"

"येस, सर," मी म्हणाले.

"हॅलो? कोणी नाही वाटतं."

"हाय, हाय," गेटवरून. "येशसर म्हनते थे."

"हळू बोलतात, साहेब," काटेवाला म्हणाला. "पन हाय."

"बाई, तुम्ही केलंत हे?"

खरं सांगायचं मी ठरवलं. घाईत मराठी सुचेना, वऱ्हाडी बोलायची नव्हती, म्हणून इंग्रजीत सांगितलं, की सर, असं होण्याचं कारण म्हणजे पृथ्वी कोरडी आहे. मी ते स्पष्ट आणि चांगलं मोठ्याने म्हणाले. पण एक्स्चेंजची बाई मध्येच म्हणाली, "तीन मिनिटं झाली," आणि अकोला गेलं.

मंगळवारी माझं कायमपणाचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की ऑपरेटरने केलेली विशेष जोडणी उपयुक्त असून ती दर शनिवारी चार वाजता चालू ठेवावी. साहेबांनी हे पत्र मोठ्याने वाचलं नाही. माझ्या टेबलावर ठेवून गेले.

दरम्यान पंप दुरुस्त झाला होता. चौकीदाराच्या बायकोने नवे धणे पेरले होते आणि रोज दोन बादल्या टाकत होती. मी तिच्याकडे गेले. तिच्याशी वऱ्हाडी बोलायला हरकत नव्हती. तिला सांगितलं, शुक्रवारी सकाळपासून शनिवारचा कॉल संपेपर्यंत पाणी टाकू नको.

"काहून?"

"माही नोकरी हाय," मी म्हणाले.

तिने मला खालून वर बघितलं. "एवढं बोलता येते तुले," ती म्हणाली, "तं तिकडे काहून मुक्यावानी बसते?" आणि कबूल झाली. तिच्या अटीवर: शनिवारी तिच्या गाऱ्हाण्याला पहिला नंबर.

त्या शनिवारी दुपारी तीन वाजता मी खिडकीतून बाहेर बघत होते. साहेब व्हरांड्यातून उतरले. हातात पाण्याने भरलेला लोटा होता. ते नेहमीच्या चालीने नव्हे, फिरायला निघाल्यासारखे, बाभळीखालून चौकीमागे गेले. इकडे तिकडे बघितलं. काट्यावर त्या दिवशी अकरा गाड्या उभ्या होत्या, आणि माती ओली झाली की अकोल्याला त्यांचा आकडा साहेब एकटेच सांगणार होते.

मी उठले. वाक्य जुळवायला वेळ नव्हता. मी बाहेर पडले, तारेच्या बाजूने चालत वाफ्यापाशी पोचले. साहेब लोटा तिरका करण्याच्या बेतात होते.

"सर," मी म्हणाले. "आज नको टाकू पानी."

अनवधानाने एकेरीत आणि वऱ्हाडीत बोलून गेले. साहेब दचकले. लोट्याकडे बघितलं, वाफ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. काय सांगावं हे त्यांना सुचत नव्हतं. ती अवस्था मी चांगली ओळखत होते. चौकीच्या दारात चौकीदाराची बायको येऊन उभी राहिली होती.

साहेबांनी लोटा वर उचलला, आणि तिथेच उन्हात उभं राहून, सगळं पाणी पिऊन टाकलं.